तीन खुर्च्यांची कॉपी

माझ्या भावाला गिटारवादक म्हणून घडवणारे पाचही अल्बम मीच त्याच्यासाठी कॅसेटवर उतरवले होते. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि तो अकरा. आई एका मोठ्या वाचनालयात नोकरीला होती. तिथे वरच्या मजल्यावर रेकॉर्डचा विभाग होता. काचेची कपाटं, दोन रेकॉर्ड प्लेयर आणि चार हेडफोन, त्यातला एक कायम बिघडलेला. रेकॉर्ड घरी न्यायला परवानगी नव्हती. शनिवारी एक वाजता वाचनालय बंद व्हायचं आणि आई तीनपर्यंत खाली नोंदवही पुरी करत बसायची. ते दोन तास माझे. मी घरून टेप डेक पिशवीत घालून न्यायचे, तारा जोडायचे आणि भावाने चिठ्ठीवर लिहून दिलेली रेकॉर्ड शोधायचे.

अल्बमची खरी नावं आमच्या घरात कुणी वापरलीच नाहीत. कव्हरवर जे चित्र, तेच नाव. 'छत्रीवाला' हा पहिला. त्यातला गिटारवादक एक सूर लावून इतका वेळ थांबायचा की आई खालून विचारायची, "अडकली का गं ती?" कमी वाजवायचं हे धाकट्याला त्याने शिकवलं. 'निळा' ऐकून त्याने स्वतःच्या छोट्या अँप्लिफायरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि तो फाटायला लागल्यावर खूश झाला. 'उलटा घोडा' ऐकून तो महिनाभर एकच तार ओढून ओढून वाजवत होता. बोटाची साल निघाली तरी त्याचं चालूच. 'पोस्टाची पेटी' प्रत्यक्ष कार्यक्रमात रेकॉर्ड केलेला होता, त्यात कुणीतरी खोकलेलंही ऐकू यायचं. चुकलं तरी पुढे जायचं हे तो त्यातून शिकला, असं तो म्हणतो.

आणि 'तीन खुर्च्या'. कव्हरवर रिकाम्या मैदानात तीन खुर्च्या. दुसऱ्या बाजूला एक सात मिनिटांचं गाणं होतं आणि त्या बाजूवर एक लांब ओरखडा होता. गाण्यात चार ठिकाणी सुई अडकायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा.

मी नीटनेटकी मुलगी होते. ओरखड्याचा आवाज असलेली कॉपी घरी नेणं मला कमीपणाचं वाटलं. सुई अडकली की मी डेकचं पॉजचं बटण दाबायचे, सुई बोटाने किंचित पुढे सरकवायचे, जोराचा ठोका येईपर्यंत थांबायचे आणि बरोबर त्या ठोक्यावर बटण सोडायचे. जोड ऐकू आला तर टेप मागे घेऊन पुन्हा. तीन शनिवार गेले त्यात. शेवटी जोड कुठे आहे ते मलाही सांगता येईना. कॅसेटवर मी बारीक अक्षरात 'साफ' असं लिहिलं.

ठोक्यावर ठोका मी अचूक बसवला होता. फक्त तो कितवा ठोका आहे हे मोजलं नव्हतं. मूळ गाणं सरळ चार-चारच्या मोजणीचं. माझ्या कॉपीत तीन ठिकाणी एकेक ठोका गळला होता आणि एका ठिकाणी दोन.

भाऊ ते गाणं माझ्या कॅसेटवरून शिकला. शेकडो वेळा ऐकून, चार जागांसकट. आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली एकदम जमीन लागावी, तसं त्या जागी ऐकणाऱ्याचं होतं. ती गंमत त्याच्या हातात इतकी मुरली की पुढे त्याच्या स्वतःच्या गाण्यांतही ती आपोआप यायला लागली. त्याचे चाहते तिला 'पायरी' म्हणतात. नवीन पोरं इंटरनेटवर एकमेकांना पायरी कशी घ्यायची ते शिकवतात.

इथपर्यंत ही चूकच होती. मी पंधरा वर्षांची होते आणि मला मोजायचं सुचलं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आठ वर्षांनंतरच्या एका वाक्याबद्दल.

तेव्हा भावाचा पहिला बँड होता. एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ते सराव करायचे. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. ड्रमरला सगळे 'घड्याळ' म्हणायचे, कारण तो कधीच पुढेमागे व्हायचा नाही. उंच, लाजरा मुलगा. बोलताना पायाने जमिनीवर ठेका धरायचा. मला ताई म्हणायचा, माझा डबा उघडून न विचारता खायचा, आणि भावाला 'उस्ताद' म्हणून चिडवायचा.

मी खोलीची किल्ली परत द्यायला गेले होते. जिन्यातच भांडण ऐकू आलं.

"अरे उस्ताद, हे पडतं रे इथे! एक ठोका खातोस तू."

"खात नाही. तसंच आहे ते."

"कुठे तसंच आहे?"

"'तीन खुर्च्या'त. मी काय हवेतून आणलं?"

"मी ऐकलीये ती रेकॉर्ड. माझ्या आतेभावाकडे होती. सरळ चार आहे ती. डोळे मिटून चालत जावं इतकी सरळ."

"आतेभावाकडे लहानपणी कधीतरी ऐकलीस, आणि मी आठ वर्षं रोज ऐकतोय. घड्याळाची चावी संपली वाटतं!"

बाकीचे दोघे हसले. घड्याळ हसला नाही. तेवढ्यात मी दारात दिसले.

"ही बघ, आलीच," भाऊ म्हणाला. "ताईच्या हातून गेलीये ती रेकॉर्ड. ताई, सांग याला. रेकॉर्डवर तसंच आहे की नाही?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. पॉजचं बटण, माझं बोट, तीन शनिवार. भावाने त्या चार जागांवर स्वतःचं पहिलं गाणं बांधलं होतं आणि पंधरा दिवसांवर स्पर्धा होती. तो माझ्याकडे पाहत होता, अकराव्या वर्षी कॅसेट हातात घेताना पाहायचा तसाच. ही कारणं झाली. खरं सांगायचं तर आणखी एक होतं: मी चुकीची कॉपी केली असं चार जणांसमोर म्हणायची माझी तयारी नव्हती. त्याच वर्षी मला विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या अचूक कामासाठी बक्षीस मिळालं होतं.

मी म्हणाले, "रेकॉर्डवर तसंच आहे."

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "मी चारदा तपासून पाहिलंय."

घड्याळाने माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग माझंच मोजणं चुकत असेल," तो म्हणाला. "ताई कशाला खोटं बोलेल?"

दोन आठवड्यांत तो बँडमधून गेला. कुणी काढलं नाही. त्या चार जागा आल्या की तो आधीच घाबरायचा, घाबरला की इतर ठिकाणीही चुकायचा, आणि एक दिवस आलाच नाही. पुढे भाऊ मोठा झाला, मुलाखती द्यायला लागला, आणि त्यांतला त्याचा एक ठरलेला विनोद असा: "आमच्या पहिल्या ड्रमरला सगळं यायचं, फक्त चारपर्यंत मोजता येत नव्हतं."

लोक दर वेळी हसतात. मी त्या मुलाखती पूर्ण पाहत नाही.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. मी आता मापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांतले तराजू, तापमापकं आमच्याकडे येतात. आम्ही ती तपासतो आणि दाखल्यावर सही करतो. माझ्या सहीने एखादा तराजू बरोबर ठरतो.

गेल्या गुरुवारी दुपारी भाऊ माझ्याकडे आला. फ्रिज उघडून, आत काय आहे ते नीट पाहून, मग म्हणाला, "ताई, रेडिओवर बोलावलंय सोमवारी. पाच ते सहा, थेट प्रक्षेपण. 'मला घडवणारे पाच अल्बम.'"

"मग? कुठले पाच सांगणार?"

"हे काय विचारणं झालं? तुझ्या पाच कॅसेट. छत्रीवाल्यापासून पेटीपर्यंत." त्याने एक सफरचंद घेतलं. "आणि सोन्याहून पिवळं म्हणजे 'तीन खुर्च्या' त्यांच्या संग्रहात आहे. मूळ रेकॉर्ड. एक ओरखडा नाही म्हणे. अख्खं गाणं लावणार आहेत."

मी हातातली बशी ओट्यावर ठेवली. "तू ऐकलंस ते?"

"कॅसेटशिवाय कुठे ऐकणार? कंपनी बुडाली, पुन्हा कुणी काढलाच नाही तो अल्बम. इंटरनेटवर पण नाही."

"मग कार्यक्रमाच्या आधी एकदा ऐकून घे."

"कशाला? झोपेत उठवलंस तरी वाजवेन." तो सफरचंद चावत हसला. "आता जगाला कळू दे पायरी कुठून आली ते. आणि तो घड्याळ जिथे असेल तिथे त्यालाही ऐकू दे."

घड्याळ कुठे आहे हे मला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी गाडी पंक्चर झाली म्हणून मी जवळच्या टायरच्या दुकानात शिरत होते, आणि तो आत वाकून चाक काढताना दिसला. मी तशीच गाडी वळवली. तेव्हापासून टायरच्या कामासाठी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते.

शनिवारी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. तो चाक यंत्रावर चढवून फिरवत होता. चाक कुठल्या बाजूला जड आहे ते यंत्र आकड्यात दाखवतं, आणि मग विरुद्ध बाजूला शिशाचा छोटा तुकडा ठोकून तोल साधायचा. केस पांढरे झाले होते. पाय मात्र स्थिर होता. ठेका धरत नव्हता.

"बोला, चाक आणलंय?" मग त्याने नीट पाहिलं. "ताई?"

"हो."

"बसा ना. तिथे नको, ग्रीस आहे. इकडे बसा."

पूर्वी तो मला 'तू' म्हणायचा.

मी उभीच राहिले. घरून वाक्यं ठरवून आले होते, पण तोंडातून फक्त एवढंच आलं, "'तीन खुर्च्या'..."

"सरळ चार आहे," तो म्हणाला. यंत्र थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली. "माहीत आहे मला. नऊ वर्षांनी सापडली ती रेकॉर्ड, जुन्या सामानाच्या दुकानात. घरी आणली आणि बायकोला म्हटलं, बस इथे आणि मोज. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला बसवली. माझ्या मोजण्यावर माझा कुठे विश्वास होता? ती आपली बोटांवर मोजतेय. चार, चार, चार. शेवटी म्हणते, अहो, हे तर चारच आहे, यात विचारायचं काय?"

तो हे हसत सांगत होता. मला हसता आलं नाही.

"मग तू आला का नाहीस? सांगायला?"

"कुणाकडे येणार? तुमच्याकडे? तुम्ही तर चारदा तपासलं होतं."

मी खाली पाहिलं. जमिनीवर शिशाचे तुकडे पडले होते.

"माझी कॉपी चुकलेली होती," मी म्हणाले. "सुई अडकायची, ते तुकडे मी काढले. आणि त्या दिवशी तू म्हणालास तेव्हाच मला कळलं होतं. मी जाणूनबुजून खोटं बोलले."

त्याने पाना खाली ठेवला. कॉपी चुकली हे त्याने केव्हाच ताडलं असणार. मला तेव्हाच कळलं होतं, हे त्याला नवीन होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि मला समजलं की इतकी वर्षं तो मला थोडी तरी सूट देत आला होता.

"मला वाटायचं, तुम्हालाही माहीत नसेल," तो म्हणाला.

"होतं."

"हं."

त्याने वाकून जमिनीवरचा शिशाचा एक तुकडा उचलला.

"ड्रम मी पहिल्याच वर्षी देऊन टाकले," तो म्हणाला. "त्याचं एवढं नाही. कुणी वाजवतं, कुणी सोडतं. पण ताई, ती नऊ वर्षं मी कशावरच ठामपणे बोललो नाही. चाक हातात घेतलं की मला कळायचं कुठे जड आहे, तरी यंत्राला विचारल्याशिवाय बोलायचो नाही. जेवताना बायको विचारायची, मीठ बरोबर आहे का? मी म्हणायचो, तूच सांग."

"माझं चुकलं. मला माफ कर."

"वाईट वाटून घेऊ नका, असं मी म्हणणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "वाटू दे थोडं."

"हो."

"आणि मला सांगून काय उपयोग? मी बरोबर होतो हे मला कळलंय. उस्तादाला सांगा. तो गावभर सांगत फिरतो, ड्रमरला चारपर्यंत मोजता येत नव्हतं. मागे एक गिऱ्हाईक मलाच सांगत होतं, इथे उभं राहून, पोट धरधरून. मीही हसलो. काय करणार?"

त्याने चाक पुन्हा फिरवलं. मी निघाले.

रविवारचा अख्खा दिवस मी भावाला फोन करायचा ठरवत राहिले आणि केला नाही. सोमवारी मी त्याला रेडिओ केंद्रावर सोडायला गेले. रस्त्यात तो बोटांनी गुडघ्यावर काहीतरी वाजवत होता. केंद्राच्या आवारात गाडी लावली तेव्हा सव्वाचार झाले होते. तो उतरायला लागला, तशी मी म्हणाले, "थांब. 'तीन खुर्च्या'त पायरी नाहीये."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ओरखडा, बटण, गळलेले ठोके. त्याने डॅशबोर्डवर बोटाने ते गाणं वाजवून पाहिलं, माझ्या कॉपीसारखं नाही, मूळ जसं असेल तसं. पहिल्या जागेवर बोट अडखळलं. त्याने पुन्हा सुरू केलं.

"चारही जागा?"

"चारही."

"म्हणजे माझी पायरी..."

"तुझीच आहे. फक्त रेकॉर्डवर नाही."

तो काचेकडे वळला. मला वाटलं, आता चिडेल. पण त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. "अगं ताई! भन्नाट आहे हे! बारकं पोर चुकीची कॅसेट ऐकतंय आणि त्यातून... अगं, पूर्ण कार्यक्रम यावरच होईल!"

"घड्याळ बरोबर होता," मी म्हणाले. "तेव्हा मला माहीत होतं, तरी मी तुमच्यासमोर खोटं बोलले. ते आधी सांग. बाकीचं नंतर."

"हो गं, सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना!" त्याने दार लावलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत आत गेला.

मी गाडीतच बसून रेडिओ लावला. छत्रीवाला झाला, निळा झाला, घोडा झाला. रेडिओवर त्याचा आवाज तो आहे त्याहून मोठ्या माणसाचा वाटतो. मग 'तीन खुर्च्या' आला आणि त्याने ती गोष्ट सांगितली. सुंदर सांगितली. वाचनालय, शनिवार, पंधरा वर्षांची ताई, तिचा 'साफ'पणाचा हट्ट. निवेदक खदखदून हसत होता.

"म्हणजे तुमची पायरी ही खरं तर ताईंच्या बोटाची कमाल!"

"अगदी! मी तर ताईला मानधनातला वाटा द्यायला हवा."

"आणि तुमचा तो पहिला ड्रमर? चारपर्यंत मोजता न येणारा?"

मी रेडिओचा आवाज वाढवला.

"हां," भाऊ म्हणाला. "तो... जुना किस्सा झाला तो. सोडा."

"बरं, मग मूळ गाणंच ऐकूया! आणि तोपर्यंत आमचा फोन क्रमांक..."

निवेदकाने क्रमांक दोनदा सांगितला. मी तो लावला. पलीकडून एका मुलीने विचारलं, "फर्माईश काय आहे?"

"फर्माईश नाही. दुरुस्ती आहे."

"काय आहे?"

"आत्ता जे सांगितलं त्यात एक गोष्ट राहिलीये. मी त्यांची बहीण. कॅसेटवाली."

ती किंचाळलीच. "अय्या! थांबा हं, फोन ठेवू नका. आणि रेडिओ बंद करा, नाहीतर घुमेल."

मी रेडिओ बंद केला. फोनवर ते गाणं ऐकू येत राहिलं, मूळ, पूर्ण, ओरखडा नसलेलं. मी पहिल्यांदाच ते अखंड ऐकत होते. मोजलं. चार. मग निवेदकाचा आवाज आला, भलताच आनंदी. "आणि मंडळी, साक्षात ताई आपल्यासोबत आहेत! ताई, काय सांगाल?"

"दोन गोष्टी," मी म्हणाले. "त्यांच्या पहिल्या ड्रमरने तेव्हाच सांगितलं होतं की मूळ गाण्यात पायरी नाही. तो बरोबर होता. मला ते माहीत होतं आणि मी सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडलं. त्याला चारपर्यंत मोजता येत नव्हतं हा विनोद आहे ना, तो कृपा करून यापुढे कुणी सांगू नका. त्या खोलीत मोजता येणारा तो एकटाच होता."

मग निवेदक म्हणाला, "वा... भावा-बहिणीचं नातं असंच असतं, नाही का? आता वळूया पाचव्या अल्बमकडे."

सहा वाजून दहा मिनिटांनी भाऊ येऊन गाडीत बसला. पट्टा लावला नाही.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"'सोडा' म्हणालास."

"थेट कार्यक्रम होता, ताई! एका सेकंदात काय सुचतं माणसाला? शेवटी सांगणार होतो. पेटीच्या वेळी. शब्द जुळवत होतो मी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू बावीस वर्षं गप्प बसलीस. आणि मला एक तास दिला नाहीस."

हिशेब त्याचा बरोबर होता. मी तो मनात पुन्हा करून पाहिला, तरी बरोबरच आला.

"हो," मी म्हणाले.

"मी किती वेळा सांगितला असेन तो विनोद? शंभर? दोनशे? दर वेळी तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू माझ्या मुलाखती पाहायच्यास."

"पूर्ण नाही पाहिल्या."

"वा!" तो म्हणाला. "म्हणजे झालं." त्याने तळव्यांनी चेहरा चोळला. आवारातल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या.

"कुठे असतो तो?"

मी सांगितलं.

"तुला माहीत होतं तेही." या वेळी तो चिडलासुद्धा नाही. "दुकान कधी बंद होतं?"

"सातला."

"चल."

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे मी गाडी थांबवली. सातला दहा कमी होते. भाऊ उतरला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, "तू येऊ नकोस."

"नाही येत."

तो रस्ता ओलांडून गेला. दुकानात एक गिऱ्हाईक बाकावर बसून फोन पाहत होतं. घड्याळ एका चाकात हवा भरत होता, आणि कोपऱ्यातला कॉम्प्रेसर इतका धडधडत होता की मला गाडीतही ऐकू येत होता. भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलताना दिसले. घड्याळाने मान हलवली आणि कानाकडे बोट दाखवलं: ऐकू येत नाही. भाऊ पुन्हा बोलला. घड्याळाने पुन्हा कान दाखवला. भावाने दोन्ही हात पसरले आणि छाती भरून ओरडायला सुरुवात केली, नेमका त्याच क्षणी घड्याळाने हात लांबवून कॉम्प्रेसर बंद केला.

"...तू बरोबर होतास! मी गाढव! तू बरोबर होतास!"

अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं. बाकावरच्या गिऱ्हाइकाने फोन खाली घेतला. शेजारच्या दुकानातून एक बाई बाहेर डोकावली.

"अरे, ओरडू नकोस," घड्याळ म्हणाला. "ऐकू येतंय मला."

भाऊ तिथेच उभा होता. घड्याळाने चाकाचा वाल्व्ह बंद केला, हात फडक्याला पुसले, आणि त्याला आत यायची खूण केली. दोघं मागच्या खोलीत गेले. जाताना दोघांपैकी कुणीही गाडीकडे पाहिलं नाही.